कॅमशाफ्ट बदलताना व्हॉल्व्ह स्प्रिंगची निवड

मुंबई-ठाण्यातील वाहनप्रेमींच्या अनेक सहली शहापूरमार्गे कसारा घाटाकडे किंवा मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघतात. अधिक लिफ्टचा कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनाची खरी कसोटी हे घाट चढताना नव्हे, तर उतरताना लागते. त्या वेळी सारी भिस्त असते ती व्हॉल्व्ह स्प्रिंगवर.

स्प्रिंगचे कार्य

कॅम व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो बंद करते. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे मिनिटाला ६ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो. स्प्रिंग कमी पडल्यास व्हॉल्व्हला कॅमची साथ धरता येत नाही. यालाच ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. अशा वेळी ताकद घटतेच, शिवाय अनेक इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून मोठे नुकसान होते.

उतारावर चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवितात. इंधन वा ठिणगी तोडणारा रेव्ह लिमिटर तेथे निरुपयोगी ठरतो.

मोजमाप

निवडीपूर्वी बंद व्हॉल्व्हवरील दाब, दर मिलिमीटरला वाढणारा दाब आणि बसविलेल्या स्प्रिंगची उंची या तीन गोष्टी पाहाव्यात. समजा, बंद स्थितीत दाब २५ किलो असून तो दर मिलिमीटरला ३ किलोने वाढतो. ९ मिलिमीटर लिफ्टला तो ५२ किलो, तर ११ मिलिमीटरला ५८ किलो होईल. दाब वाढला, पण वेढ्यांमधील मोकळीक २ मिलिमीटरने घटली. वेढे एकमेकांना टेकले तर स्प्रिंग वा रॉकर मोडू शकतो. त्यामुळे पूर्ण लिफ्टलाही साधारण दीड मिलिमीटर मोकळीक राखण्याचा प्रघात आहे. रिटेनर आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमध्येही अंतर तपासावे. रॉकर असल्यास लिफ्ट व्हॉल्व्हजवळ मोजावी. बसविलेली उंची जास्त भरल्यास शिम घालून ती नेमकी करता येते.

ताठ म्हणजे चांगली नव्हे

गरजेपेक्षा ताठ स्प्रिंगमुळे कॅमचा उंचवटा आणि टॅपेट लवकर झिजतात, घर्षण वाढते आणि मिळविलेली ताकद त्यातच खर्च होते. वर निमुळती होणारी ‘बीहाइव्ह’ स्प्रिंग वजनाने हलकी असते व तिचा लहान रिटेनरही हलका असतो. दुहेरी स्प्रिंगमध्ये एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला काही काळ धरून ठेवू शकते. कॅमच्या निर्मात्याने त्याच कॅमसाठी सुचविलेला संच घेणे सर्वांत सुरक्षित.

कायद्याची मर्यादा

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. त्यामुळे असे बदल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकपुरते राखावेत. घाटरस्ता ही प्रयोगशाळा नव्हे.