२७ जानेवारी : मांडवीवरील अटल सेतू

गोव्यात पणजी आणि पर्वरी यांना जोडणाऱ्या मांडवी नदीवरील तिसऱ्या पुलाचे, म्हणजेच अटल सेतूचे, उद्घाटन २७ जानेवारी २०१९ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. हा प्रकल्प मनापासून जोपासणारे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गंभीर आजारातही, नाकाला नळी लावलेल्या अवस्थेत, समारंभास उपस्थित होते.

जोडमार्गांसह सुमारे ५.१ किलोमीटर लांबीचा हा पूल ‘केबल-स्टेड’ पद्धतीचा आहे. या रचनेत मनोऱ्यांपासून तिरप्या उतरणाऱ्या ताणलेल्या केबल रस्त्याचा भार थेट पेलतात, तर झुलत्या पुलात तो मुख्य केबलला लोंबणाऱ्या उभ्या तारांमार्फत पेलला जातो.

या पुलाचे मोल जाणण्यासाठी ५ जुलै १९८६ आठवणे आवश्यक आहे. त्या दिवशी मांडवीवरील पहिला पूल कोसळला आणि दोन्ही तीरांवरील लोकांना पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले. तो पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा, म्हणजे आतील पोलादी तारा ताणून काँक्रीट कायम दाबाखाली ठेवणाऱ्या पद्धतीचा होता. अशा तारांना खाऱ्या, दमट हवेत गंज चढला तर बाहेरून धड दिसणारा पूलही आतून पोखरला जातो.