चाळीस किलोंचा आवाज

मागच्या महिन्यात मी माझं बेस प्रीअ‍ॅम्प पेडल विकायला काढलं होतं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सीनियरकडून सहा हजारांना सेकंडहँड घेतलेलं. त्यासाठी दोन महिने मेसऐवजी वडापाववर काढले होते. आता मी पुण्यात वन-बीएचकेमध्ये राहतो, बेस गिटार थेट लॅपटॉपला जोडतो आणि हेडफोन लावून वाजवतो. शेजारच्या काकूंना अजून पत्ताही नाही की मी काही वाजवतो. लॅपटॉपमध्ये सगळे अ‍ॅम्प आहेत, मग पेडल कशाला ठेवायचं?

विकण्याआधी म्हटलं, एकदा तुलना करून बघू. एकच ओळ वाजवली. एकदा पेडलमधून रेकॉर्ड केली, एकदा सॉफ्टवेअरमधून. दोन्हींचा व्हॉल्यूम नीट मोजून सारखा केला, कारण जो आवाज किंचित मोठा असतो तो कानाला उगाच चांगला वाटतो. मग नावं न सांगता बँडमधल्या तिघांना पाठवल्या. एकाने पेडल ओळखलं, एकाने उलटं सांगितलं आणि ड्रमर म्हणाला, "दोन्ही सेमच आहे रे, तू जरा टेम्पो सांभाळ."

विषय इथेच संपायला हवा होता. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ही दोन यंत्रं नक्की कशासारखा आवाज काढायचा प्रयत्न करतायत? मूळ आवाज कुठला? तो शोधत गेलो आणि थेट १९४६ सालच्या अमेरिकेत पोचलो.

तेव्हा बेस म्हणजे माणसाएवढं उंच लाकडी वाद्य. जॅझ बँडमध्ये ब्रास वाजायला लागलं की बेसवाला ऐकूच यायचा नाही. एव्हरेट हल नावाच्या वादकाने त्यावर युक्ती काढली. हे वाद्य जमिनीवर ज्या खुंटीवर उभं राहतं, तिच्यातच मायक्रोफोन बसवला. अ‍ॅम्प्लिफाइड पेग. त्याचंच पुढे कंपनीचं नाव झालं, अ‍ॅम्पेग. १९५१मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला. बेस गळ्यात अडकवता येऊ लागला, पडद्यांमुळे सूर नेमका लागू लागला. पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बेसमन नावाचा अ‍ॅम्प आला. गंमत म्हणजे हा अ‍ॅम्प गिटारवाल्यांनीच पळवला आणि लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प बनला, तो बेसमनच्याच सर्किटवरून. म्हणजे रॉक गिटारचा तो प्रसिद्ध आवाज मुळात बेसवाल्याच्या सामानातून उचललेला आहे. बेसिस्टच्या नशिबी हे नवीन नाही.

एव्हरेट हलला मात्र रॉक आवडत नसे. अ‍ॅम्प फाटल्यासारखा वाजणं हा त्याच्या लेखी दोष होता. स्वच्छ, गोल, सभ्य आवाज हवा. १९६०मध्ये आलेला अ‍ॅम्पेगचा बी-१५ हा त्याच स्वभावाचा. काम झालं की अ‍ॅम्पचं डोकं उलटं करून पेटीत ठेवायचं आणि निघायचं.

हा दोष काय असतो, ते थोडक्यात सांगतो. तुमच्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर ते काचेचे दिवे तुम्ही पाहिले असतील. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की तो लाटेचा माथा दाबतो. हळूच, गोलाकार. लाट अशी चेपली गेली की तिच्यात नसलेले वरचे स्वर तयार होतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला कंप पावते. तिच्यात व्हॉल्व्ह ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या स्वरांची भर घालतो. हलच्या दृष्टीने ही भेसळ होती.

आता तुमचा फोन हातात घ्या. त्याचा स्पीकर नखाएवढा. ४१ हर्ट्झ तो वाजवूच शकत नाही. तरी फोनवर गाणी ऐकताना बेस कळतो, तो याच भेसळीमुळे. कानावर वरचे स्वर पडतात आणि त्यांच्यामधलं अंतर पाहून मेंदू खालचा गायब स्वर स्वतःच भरून काढतो. हलने ज्याला दोष मानलं, त्याच्याच जोरावर आज लोकलच्या गर्दीत फोनवर बेस पोचतो.

हलने कंपनी विकली आणि नंतर, १९६९मध्ये, त्याच अ‍ॅम्पेगने रॉकच्या मैदानांसाठी एसव्हीटी नावाचा राक्षस बनवला. ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसत्या डोक्याचं वजन चाळीस किलोंच्या आसपास. खाली दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर असलेली पेटी. तिला वादक फ्रिज म्हणतात, आणि दिसतेही तशीच. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो स्टेजवर चढला. पुढची काही दशकं रॉकमध्ये बेसचा आवाज म्हणजे हा, असं समीकरणच झालं. माझं पेडल आणि माझा प्लगिन, दोघंही शेवटी या फ्रिजचीच नक्कल करतात.

पण इतिहासात एक दुसरी वाटही आहे. ती डेट्रॉइटच्या एका छोट्या स्टुडिओतून जाते. मोटाऊन कंपनीचा स्टुडिओ ए. वादक त्याला स्नेकपिट म्हणत. तिथे जेम्स जेमर्सन बसायचा. १९६२चा प्रिसिजन बेस, जाड गुळगुळीत तारा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. साठच्या दशकातल्या मोटाऊनच्या असंख्य हिट गाण्यांखाली त्याचा बेस आहे, आणि गाण्यांच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं त्याचं नाव नव्हतं. स्टुडिओत त्याच्यासमोर अ‍ॅम्पसमोरचा माइक नसायचा. मोटाऊनच्या इंजिनीअरांनी एक डायरेक्ट बॉक्स बनवला होता. बेसची वायर त्यातून सरळ मिक्सिंग डेस्कमध्ये जायची.

म्हणजे अ‍ॅम्पशिवाय बेस रेकॉर्ड करणं हे काही लॅपटॉपवाल्यांचं पाप नाही. ज्याला आपण अस्सल बेस म्हणतो, त्यातला बराचसा तसाच रेकॉर्ड झालाय.

१९८९मध्ये या दोन वाटा एकत्र आल्या. न्यूयॉर्कच्या टेक ट्वेंटीवन कंपनीच्या अँड्र्यू बार्टाने सॅन्सअ‍ॅम्प आणला. फ्रेंचमध्ये सॅन म्हणजे शिवाय. अ‍ॅम्पशिवायचा अ‍ॅम्प. आत एकही व्हॉल्व्ह नाही. साध्या ऑप-अ‍ॅम्प चिपा, रेझिस्टर, कपॅसिटर. व्हॉल्व्ह लाटेला कसा चेपतो, स्पीकरची पेटी वरचे कर्कश स्वर कसे कापते, समोरचा माइक काय ऐकतो, हे सगळं त्याने मूठभर पार्टमध्ये बसवलं. नव्वदच्या दशकात त्याची बेससाठीची आवृत्ती आली आणि प्रीअ‍ॅम्प पेडल नावाची जमात जन्मली. बेसिस्टने बॅगेत पेडल टाकायचं, हॉलमध्ये जाऊन थेट साउंडवाल्याला वायर द्यायची. फ्रिज उचलायला मित्र शोधायची गरज संपली.

सॉफ्टवेअर त्याच्या मागोमाग आलं. १९९८मध्ये लाइन सिक्सने स्टुडिओतल्या कॉम्प्युटरसाठी अ‍ॅम्प फार्म आणि टेबलावर ठेवायचा लाल पॉड काढला. २००६मध्ये इटलीच्या आयके मल्टिमीडियाने अ‍ॅम्पेगच्या नावासह एसव्हीएक्स आणला. एव्हरेट हलच्या कंपनीचं नाव आता एका फाइलवर होतं.

इथे मात्र माझ्यातला इंजिनीअर जागा होतो. सॉफ्टवेअरला लाट चेपणं सोपं वाटतं, पण तसं नाही. चेपल्यावर तयार होणारे वरचे स्वर कॉम्प्युटरच्या मर्यादेपलीकडे गेले की ते नाहीसे होत नाहीत, उलटे दुमडून खाली येतात आणि सुराशी नातं नसलेला खरखराट करतात. म्हणून आधी सॅम्पल रेट कितीतरी पट वाढवायचा, मग चेपायचं, मग गाळायचं. प्रोसेसरला घाम फुटतो. पेडलमधल्या कपॅसिटरला हा प्रश्नच कधी पडलेला नाही. दुसरी तक्रार उशिराची असते. तार छेडली आणि आवाज जाऊन-येऊन सात-आठ मिलिसेकंदांनी आला. पण हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. फ्रिजपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या बेसिस्टला स्वतःचा आवाज नऊ मिलिसेकंदांनी ऐकू यायचा. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

पुढची झेप फिनलंडमध्ये पडली. हेलसिंकीत डग्लस कास्त्रोने डार्कग्लास ही बेस पेडलची कंपनी काढली. तिच्या पेडलांच्या मालिकेचं नाव मायक्रोट्यूब्ज, आत ट्यूब नाहीच. पुढे त्यानेच न्यूरल डीएसपी ही सॉफ्टवेअर कंपनी उभारली, आणि तिच्या सुरुवातीच्या प्लगिनांमध्ये एक चक्क डार्कग्लासच्या पेडलाची नक्कल होता. व्हॉल्व्हच्या नकलेची नक्कल. शेजारच्या आल्टो विद्यापीठातले संशोधक २०१९मध्ये न्यूरल नेटवर्कला अ‍ॅम्पचा आवाज शिकवत होते. सर्किट समजून घ्यायची गरज नाही. आत काय गेलं, बाहेर काय आलं, एवढं दाखवा, नेटवर्क मधलं सगळं शिकून घेतं. आज स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनचं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. काही मिनिटांचा आवाज पुरवला की तुमच्या अ‍ॅम्पची प्रतिमा तयार. त्या क्षणी बटणं जिथे होती, तिथली.

इथवर वाचून वाटेल, सॉफ्टवेअर जिंकलं. मलाही तसंच वाटलं होतं. मग मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षीचं एक गाणं उघडलं.

ते आमच्या बँडचं एकमेव पूर्ण झालेलं गाणं. गायक आता कॅनडात आहे, भेट होत नाही. त्याच्या वाढदिवसाला नव्याने मिक्स करून पाठवावं असं मनात होतं. प्रोजेक्ट उघडला तर बेसच्या ट्रॅकवर लाल पट्टी. तेव्हाचा अ‍ॅम्प प्लगिन सापडत नाही. कंपनीने ती आवृत्ती बंद केली होती, परवाना तपासणारा सर्व्हर उत्तर देत नव्हता. मी पैसे भरले होते, पावती होती, आवाज नव्हता.

मी चिडलो, पण फार वेळ चिडता आलं नाही. कारण गेल्या वर्षी ऑफिसमध्ये असाच एक जुना सर्व्हर मीच बंद केला होता. वापरणारे मोजकेच राहिले होते, खर्च परवडत नव्हता. तिकीट उघडलं, दहा मिनिटांत बंद केलं, आणि चहाला गेलो. ते मोजके कोण होते, त्यांचं काय उघडायचं राहिलं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात पेडलनेही दगा दिला. आवाज तुटक यायला लागला. मुंबईला काम होतं, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका काकांकडे घेऊन गेलो. ते टीव्ही आणि स्टेजचे अ‍ॅम्प दुरुस्त करतात. बेस गिटार म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. चार स्क्रू काढले, भिंग लावलं, एका जोडावर टोकदार काडीने टिचकी मारली. "ड्राय सोल्डर आहे." डाग दिला. दीडशे रुपये घेतले. मी विचारलं, अजून किती वर्षं चालेल? ते म्हणाले, "आतलं सगळं बाजारात मिळतं. चालेल की."

कानाने तपासलं तर दोघांत फरक नाही, हे माझ्या तीन मित्रांनी सिद्ध केलंच होतं. खरा फरक बिघडल्यावर दिसला. पेडल बिघडलं तर त्याला न ओळखणारा माणूसही ते दुरुस्त करू शकतो. प्लगिन बिघडला तर तो बनवणारी कंपनीच लागते, आणि तिथे माझ्यासारखा कुणीतरी तिकीट बंद करून चहाला गेलेला असतो. मुक्त स्रोतवाल्या मॉडेलरची मला किंमत कळली ती इथे. त्याचा कोड माझ्याकडे आहे. सर्व्हर कुणाचाही बंद होवो.

गाणं वाचलं. प्लगिन गेला होता, पण त्याच्या मागे बेसचा कोरा ट्रॅक होता, तारेतून थेट रेकॉर्ड केलेला. तो मी वायरीने बाहेर काढला, दुरुस्त पेडलमधून फिरवला आणि परत आत घेतला. जुना आवाज हुबेहूब आला नाही. पण दुसऱ्या कडव्यात मी घाईत चुकलो होतो ती जागा तशीच आहे, आणि मागे गायक हसलेला ऐकू येतो.

गाणं पाठवलं. त्याने फोनवरच ऐकलं असणार. उत्तर आलं, "बेस भारी वाजतोय रे."

पेडलची जाहिरात त्याच रात्री काढून टाकली. आता मी दोन्ही वापरतो, फक्त एक नियम पाळतो. काहीही वाजवलं तरी कोरा ट्रॅक आधी वेगळा साठवायचा.