पितळी गंजातलं दूध

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हल्ली थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. खामगाव असो, चिखली असो की मलकापूर, पोट दुखतं म्हणून केलेल्या तपासणीत ‘लिव्हरमध्ये गाठ’ असे शब्द दिसले की घरातल्यांची झोप उडते. एरवी धडधाकट असलेल्या माणसात अशी अचानक सापडलेली गाठ बहुतेक वेळा साधीच असते. हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका, नाही तर पाण्याची पुटकुळी. हिपॅटायटिस बी किंवा सी, वर्षानुवर्षांची दारू, आधीपासूनचा सिरोसिस असं काही मागे असेल तर कॅन्सरची शंका घ्यावी लागते. मग सीटी, एमआरआय, रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन आणि अगदीच गरज पडली तर सुई घालून तुकडा काढणं, अशा पायऱ्या असतात.

यातलं काहीच नव्हतं तेव्हा डॉक्टरांकडे काय होतं? स्वतःची बोटं. बरगडीखाली हात ठेवायचा, पेशंटला श्वास घ्यायला सांगायचा आणि खाली सरकणारी यकृताची कड चाचपायची. या बोटांना भारतात जवळजवळ शंभर वर्षं एक गोष्ट लागत होती आणि तिचा अर्थ कोणालाच उमगत नव्हता. ती गाठ नव्हती, कॅन्सरही नव्हता. वर्ष-दोन वर्षांच्या लेकराचं आख्खं यकृतच कडक झालेलं असायचं आणि त्याची कड पात्यासारखी धारदार लागायची.

वैद्यकीय पुस्तकांत या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ असं नाव आहे. एखाद्या आजाराच्या नावात देशाचं नाव असणं ही काही अभिमानाची गोष्ट नाही. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे दक्षिणेतून, महाराष्ट्रातून, पंजाबातून अशीच मुलं दिसू लागली. वय साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षं. सुरुवात इतकी हळू की आईला फक्त एवढंच जाणवायचं, की पोर किरकिर करतं, नीट खात नाही, पोट मात्र वाढतंय. मग बारीक ताप, कावीळ, पोटात पाणी. कावीळ दिसल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची.

त्यात एक गोष्ट डॉक्टरांना सतत चकवत होती. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडं याच आजाराने जायची. शेजारच्या घरात मात्र काहीच नाही. ही मुलं अगदी गरीब, उपाशी घरांतली असायची असंही नव्हतं. बरीचशी गावाकडच्या मध्यमवर्गीय, दूधदुभतं असलेल्या घरांतली होती. भावंडांत आजार दिसतोय म्हटल्यावर पहिला संशय रक्तावर, म्हणजे आनुवंशिकतेवर गेला. विषाणू, कुपोषण, घरगुती काढे असे इतर तर्कही झाले. कशानेच कोडं पूर्ण सुटेना.

पहिला ठोस धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. सुईने काढलेल्या यकृताच्या बारीक तुकड्याला ‘ऑर्सीन’ नावाचा रंग लावतात. हा रंग मूळचा लायकेनपासून काढलेला, म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतला. १९७४ पासून तो यकृतातल्या हिपॅटायटिस बीच्या खुणा दाखवण्यासाठी वापरात आला होता. या लेकरांच्या यकृताला तो लावला तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण भरलेले दिसले. ते विषाणूचे नव्हते, तांब्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या गटाने हे निरीक्षण छापलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये तांब्याचं प्रत्यक्ष मोजमाप आलं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम वाळलेल्या ऊतीत तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते शेकड्यांनी आणि काहींत हजारांनी निघालं. त्या निबंधाच्या लेखकांमध्ये ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर होते, तसेच पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडितही होते.

यकृतात तांबं साठण्याचा एक आजार आधीपासून माहीत होता, तो विल्सनचा आजार. १९१२ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी त्यावर पेनिसिलामिन हे औषध आणलं. हे औषध शरीरातलं तांबं पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. पण विल्सनच्या आजारात सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन सहसा कमी असतं. आपल्या या मुलांत ते नेहमीइतकं किंवा जास्तच होतं. म्हणजे हा विल्सनचा आजार नव्हता. मग एवढं तांबं आलं कुठून?

याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेतून बाहेर पडून स्वयंपाकघरात जावं लागलं. केईएमच्या डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांच्या गटाने आयांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंगावरचं दूध किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? आणि ते कोणत्या भांड्यात तापवलं, कोणत्या भांड्यात ठेवलं? आजारी मुलांच्या घरचे आणि त्यांच्याच जोडीच्या निरोगी मुलांच्या घरचे हाल-हवाल शेजारी-शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट होत गेलं. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं होतं. १९८३ मध्ये हा तर्क ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, १९८७ मध्ये तुलनेचा सविस्तर अभ्यास आला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. म्हणून तर पितळी भांड्याला कल्हई लावायची. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतून पांढरीशुभ्र झिलई चढवायची. कल्हईवाला दारावर यायचा तो काही भांडी चमकवायला नाही, अन्न आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा पडदा घालायला. पण घासून-घासून कल्हई उडते. ती पुन्हा लावायला पैसे लागतात आणि बऱ्याच भांड्यांना ती मुळातच नसते. आपल्या विदर्भात ज्याला गंज म्हणतात, तशा पितळी पातेल्यात दूध तापवून तासन्‌तास तसंच राहिलं, की दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून घेतं. टॅनर यांनी १९८९ मध्ये प्रयोगानेही हे दाखवून दिलं. पाण्यासारखं दिसणारं काहीच होत नाही. दुधाचा रंग बदलत नाही, दूध नासत नाही, चवीवरून संशय येत नाही.

मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठा असतो. आईच्या दुधात तांबं कमीच असतं, हिशेब जमतो. त्या जागी दिवसातून पाच-सहा वेळा पितळी गंजातलं दूध आलं की हिशेब बिघडतो. भावंडांचं कोडंही इथे बरंचसं उलगडतं. भावंडांचं रक्त एक असतं, तसं घरातलं दुधाचं भांडंही एकच असतं.

कारणाचा अंदाज आला तसा उपायही हाती आला. पुण्याच्या गटाने पेनिसिलामिन देऊन पाहिलं. कावीळ आणि पोटात पाणी होऊन गेलेल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. लवकर सापडलेल्या मुलांपैकी बरीच जगली. १९९६ मध्ये त्यांच्या दीर्घकाळच्या पाठपुराव्याचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. विल्सनच्या रुग्णाला उपचार जन्मभर चालू ठेवावे लागतात, या मुलांचं औषध काही वर्षांनी थांबवलं तरी आजार परतला नाही. दोष फक्त शरीरात असता तर तो परत यायला हवा होता.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातून या गोष्टीला जोड मिळाली. तिथल्या टायरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लेकरं अगदी अशाच सिरोसिसने गेली होती. तिथेही बाळांना गाईचं दूध द्यायचे आणि ते कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळायचे. तांब्याची भांडी गेली, आजार गेला. ज्या आजाराच्या नावात ‘इंडियन’ होतं, तो आल्प्सच्या कुशीतही होता. मात्र तिथल्या डॉक्टरांनी वंशावळी तपासल्या तेव्हा आनुवंशिक कलही दिसला. म्हणजे तांबं सगळ्यांच्याच भांड्यात असेल, पण ते न पेलणारी मुलं काही घरांतच जास्त असतील.

हा वाद पूर्ण मिटलेला नाही, हेही सांगायला हवं. यकृताच्या विकृतिशास्त्रात आयुष्य घातलेले डॉ. एन. सी. नायक आणि डॉ. अरुण चितळे यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या लेखात तांबं हे मूळ कारण असल्याबद्दल शंका घेतली आहे. पितळ तर घरोघरी होतं, मग आजार मोजक्याच घरांत का, हा प्रश्न रास्त आहे. पण १९९० च्या दशकापर्यंत हा आजार दुर्मीळ होत गेला, यावर दुमत नाही. आज बालरोगतज्ज्ञ होणारी मुलं-मुली त्याबद्दल पुस्तकात वाचतात, वॉर्डात सहसा पाहत नाहीत.

तो कमी होण्यात डॉक्टरांचा आणि आरोग्यसेविकांच्या प्रचाराचा वाटा आहे. आणखी एक वाटा कोणत्याही वैद्यकीय अहवालात मावणार नाही. तो आहे स्टीलचा. जुन्या साड्या-लुगड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण, मोडीत काढलेला पितळी हंडा, लग्नाच्या आहेरात पितळेच्या जागी आलेला स्टीलचा डबा. कोणी हे बाळाच्या यकृतासाठी केलं नव्हतं. स्टील घासायला सोपं होतं आणि कल्हईचा खर्च वाचत होता.

आता तुमच्या फोनवर येऊ. ‘आजीच्या काळातलं आरोग्य’ म्हणून तांब्या-पितळेची भांडी पुन्हा विकली जात आहेत. रील्समध्ये पितळी पातेल्यात उकळणारं दूध सुंदर दिसतं. धडधाकट मोठ्या माणसाने तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिणं आणि तान्ह्या बाळाला पितळेत तापवलेलं दूध पाजणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यात केसीन नसतं आणि मोठ्या माणसाचं यकृत तांब्याचा निचरा करू शकतं. आजीच्या काळात कल्हईवालाही होता, हे रीलमध्ये दिसत नाही. घरात बाळ असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. पुढे वरचं दूध लागलं तर ते स्टीलमध्ये तापवावं आणि स्टीलमध्येच ठेवावं. हौसेने घेतलेलं पितळ शोकेसमध्ये शोभतं.

यकृताच्या तपासण्या आज पुष्कळ पुढे गेल्या आहेत. साधी गाठ कोणती आणि घातक कोणती हे मशीन बऱ्याचदा सुई न टोचताही सांगतं. तरीही चांगला डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून विचारतो: दारू पिता का, कावीळ कधी झाली होती, रक्त चढवलं होतं का, घरात कोणाला लिव्हरचा त्रास होता का? असे प्रश्न आले की वैतागू नका, आठवून नीट उत्तरं द्या. या आजाराचा तांब्याचा धागा सूक्ष्मदर्शकाने दाखवला, पण तो चुलीपर्यंत नेला तो पुण्याच्या ओपीडीत आयांना विचारलेल्या एका प्रश्नाने: बाई, दूध कशात तापवता?