शेगडीमागची नळी: घरातल्या गॅसजोडणीचा इतिहास

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात स्वयंपाकाची शेगडी कुठून आली? राजे, लढाया, तह यांच्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण सकाळी उठून चहाचं आधण ठेवताना आपण जी चावी फिरवतो, तिच्यामागेही दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि तो बराचसा अपघातांचा आहे. गॅसच्या जोडणीचे जे नियम आपल्याला कटकट वाटतात, त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या स्फोटानंतर लिहिले गेलेले आहेत. नियम कशामुळे आला हे विसरलं, की तो मोडायला हात कचरत नाही. म्हणून आज तीन घटना पाहू आणि मग आपल्या ओट्याकडे वळू.

सुरुवात अर्थात दिव्यापासून. गॅस प्रथम घरात आला तो उजेडासाठी, स्वयंपाकासाठी नव्हे. 1812 साली लंडनमध्ये गॅस पुरवणाऱ्या कंपनीला सनद मिळाली. कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघणारा वायू धुऊन मोठ्या टाकीत साठवायचा आणि नळांतून गावभर सोडायचा, अशी ती रीत. आपल्या मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले 1865 मध्ये. लालबागला गॅस कंपनीचा कारखाना होता. तिथल्या गल्लीच्या नावात ती कंपनी अजून शिल्लक आहे. पुढे विजेने दिव्याचं काम काढून घेतलं, तेव्हा गॅस कंपन्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

या कोळशाच्या गॅसबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा, त्यामुळे तो नुसता कोंडला तरी माणूस दगावत असे. दुसरी, त्याला स्वतःचाच उग्र वास होता. गळती झाली की घरभर कळायचं. म्हणजे विष होतं, पण सांगून येणारं विष होतं.

जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूचं उलटं आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड नसतो, पण शुद्ध केलेल्या वायूला वासही जवळपास नसतो. इथे आपली पहिली घटना येते.

अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. आजूबाजूला तेलविहिरी, त्यामुळे तिथली शाळा श्रीमंत होती. तरीही खर्च वाचवायचा म्हणून शाळेने 1937 च्या सुरुवातीला गॅसचा रीतसर पुरवठा बंद केला आणि जवळून जाणाऱ्या तेल कंपनीच्या नळाला जोड देऊन घेतला. त्या नळातून तेलक्षेत्रातला उरलेला, एरवी जाळून टाकला जाणारा वायू वाहत होता. असा जोड घेणं त्या भागात सर्रास चालायचं. कंपन्या कानाडोळा करायच्या. हा वायू कुठेतरी गळत राहिला आणि इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. मुलांची डोकी दुखत होती, पण वास कसलाच नव्हता. 18 मार्च 1937 ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास कार्यशाळेतल्या शिक्षकाने लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. ठिणगी पडली आणि इमारत उचलली गेली. सुमारे 300 जण गेले, त्यातली बहुतेक शाळकरी मुलं.

यानंतर टेक्सासने दोन कायदे केले. पहिला, गॅसमध्ये वास मिसळलाच पाहिजे. आपल्या सिलिंडरचा जो कुजकट वास येतो, तो गॅसचा नव्हे. मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. नियम साधारण असा असतो, की गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या बराच आधी, म्हणजे त्या प्रमाणाच्या एक पंचमांशालाच, माणसाला वास यायला हवा. दुसऱ्या कायद्याची चर्चा कमी होते. अभियंता म्हणून काम करायचं तर सरकारी नोंदणी हवी, असं टेक्सासने त्याच वर्षी ठरवलं. एक उत्तर नाकासाठी होतं, दुसरं जबाबदार माणसाच्या सहीसाठी. हे दुसरं उत्तर लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसरी घटना लंडनची. शहराच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची 22 मजली इमारत उभी राहिली. राहायला माणसं येऊन दोन महिनेच झाले होते. 16 मे 1968 च्या पहाटे पावणेसहाला अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी चहा करायला काडी ओढली. रात्रभरात स्वयंपाकघरात गॅस साठला होता. भिंत बाहेर फेकली गेली आणि तयार काँक्रीटचे पट्टे जोडून बांधलेल्या त्या इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसं गेली. ज्यांनी काडी ओढली, त्या बाई वाचल्या.

चौकशी झाली तेव्हा गळतीचं मूळ सापडलं एका पितळी नटात. शेगडीची नळी गॅसच्या पाइपला जोडणारा हा नट हलक्या प्रतीचा होता, त्याचा काठ हवा तेवढा जाड नव्हता. तो तुटला. इमारत कमकुवत होती हे खरंच, आणि त्यावर बांधकामशास्त्रात पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. पण आपला आजचा विषय तो नट आहे. शेगडी नवीन, घर नवीन, गॅस सरकारमान्य; आणि सगळं अवलंबून होतं ते शेवटच्या वीतभर जागेतल्या एका सांध्यावर.

ब्रिटनमध्ये 1970 साली गॅसची कामं करणाऱ्या फिटर लोकांची नोंदणी सुरू झाली ती यातून. आधी ती ऐच्छिक होती, पुढे सक्तीची झाली. हे झालं तोही काळ बघा. 1967 पासून दहा वर्षं तो अख्खा देश कोळशाचा गॅस सोडून समुद्रातल्या नैसर्गिक वायूवर जात होता. घरोघरी फिरून लाखो शेगड्यांचे बर्नर बदलले गेले, कारण एका गॅससाठी केलेलं छिद्र दुसऱ्याला चालत नाही.

तिसरी घटना अगदी अलीकडची. 13 सप्टेंबर 2018, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, लॉरेन्स आणि शेजारची दोन गावं. रस्त्याखालचा जुना बिडाचा नळ काढून प्लॅस्टिकचा टाकायचं काम चालू होतं. आता गंमत अशी, की गॅसचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला नळात दाब किती आहे हे सांगणारी एक बारीक नळी असते. ती नळी जुन्या, बंद केलेल्या नळालाच लागलेली राहिली. जुन्या नळातला दाब उतरला. रेग्युलेटरला वाटलं, घरांना गॅस कमी पडतोय. त्याने दार सताड उघडलं. घरांत नेहमीच्या कित्येक पट दाबाने गॅस घुसला. शंभराहून जास्त इमारतींचं नुकसान झालं आणि 18 वर्षांचा एक मुलगा गेला. त्या घरांमध्ये कोणी काहीही चुकीचं केलं नव्हतं.

पुढे काय झालं? अशा कामाच्या आराखड्यावर नोंदणीकृत अभियंत्याची सही त्या राज्यात तोवर बंधनकारक नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तसा कायदा झाला. टेक्सासने 1937 मध्ये शिकलेला धडा दुसऱ्या एका राज्याने 81 वर्षांनी पुन्हा शिकला.

आता आपल्याकडे या. 1955 च्या सुमारास बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. चूल, शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह यांच्या धुरातून बायकांची सुटका झाली, हे उपकार मोठे. 1995 मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि मुंबईत नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला. पुण्यात आणि इतर शहरांतही आता तो आहे. म्हणजे आज आपल्या घरांत दोन वेगळे गॅस आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीवर, ओट्याखाली, मोरीत साठतो. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर खाली, नळ असेल तर वर वारा खेळता हवा. आणि सिलिंडर सोडून नळाची जोडणी घेतलीत तर शेगडीचे जेट बदलून घ्यावेच लागतात.

घरात पाइप येतो तेव्हा फिटर चावी अशा जागी ठेवतो, की हात चटकन पोचेल. मग घराचं नूतनीकरण निघतं. मॉड्युलर किचनवाला म्हणतो, पाइप वाईट दिसतो, कपाटात घेऊ. चावी ड्रॉवरच्या मागे जाते. सांधा लाकडात बंद होतो. खिडकीवरची जाळी थंडी-धूळ नको म्हणून बुजवली जाते. पाइप थोडा सरकवायचा म्हणून नेहमीचा प्लंबर बोलावतात, गॅसवाल्याला कळवतच नाहीत. आम्हाला व्याख्यानांनंतर भेटणारे लोक हे अभिमानाने सांगतात, म्हणून बोलतोय. टेक्सासचा परस्पर घेतलेला जोड आणि लंडनचा नट, दोन्ही एकाच ओट्याखाली आणून ठेवल्यासारखं आहे हे.

परदेशात राहणारे आपले बरेच श्रोते आहेत. अंगणात ग्रिल ठेवायची तुमच्याकडे पद्धत आहे. तिथेही तेच. स्वयंपाकघराच्या लाइनीतून ग्रिलसाठी फाटा काढला, तर पाइपची जाडी दोन्ही उपकरणांना पुरेल का हे आधी मोजावं लागतं. ते लांबीवर आणि जळणाऱ्या गॅसवर ठरतं. ग्रिलसाठी वेगळी चावी हवी, जमिनीखालून जाणारा पाइप त्याच कामासाठी बनवलेला हवा, आणि स्थानिक परवाना घेऊन दाबाची चाचणी झाल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. सिलिंडरवरची ग्रिल परस्पर नळाला जोडायची नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर चार गोष्टी बघा. चावी कुठे आहे, ती घरातल्या प्रत्येकाला बंद करता येते का. सिलिंडरची नळी केव्हाची आहे. तिच्यावर साल छापलेलं असतं आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. सांधे डोळ्यांना दिसतात का; संशय आला तर साबणाचा फेस लावा, काडी कधीही ओढू नका. आणि वास आला तर दिवा लावू नका, लागलेला दिवा बंदही करू नका. चावी बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडून मग फोन करा. वय झालं किंवा सर्दी असली की वास कळत नाही, हेही घरातल्या ज्येष्ठांसाठी ध्यानात ठेवा.

न्यू लंडनच्या शाळेत वास असता तर मुलं वेळेत बाहेर पडली असती. आपल्याला तो वास मिळालाय, चावी मिळाली आहे, फिटरची सही मिळाली आहे. त्यासाठी जी किंमत मोजली गेली, ती दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे. निदान ती चावी कपाटाआड लपवू नये, एवढीच विनंती.