सामान्य शिक्षण अभ्यासक्रम : विद्यापीठीय मान्यता व पुनरावलोकन

पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबाहेर जे अभ्यासक्रम सक्तीने किंवा ठरावीक गटातून निवडून पूर्ण करावे लागतात, त्यांना सामान्य शिक्षण अभ्यासक्रम म्हणतात. पर्यावरण, भाषा, संविधान व मूल्ये, अन्य विद्याशाखांतील ऐच्छिक विषय हे सारे त्यांत मोडतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांची पद्धत दिली आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये समकालीन संस्कृतीवरचा अभ्यासक्रम सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. हार्वर्डच्या १९४५ च्या अहवालाने या विचाराला व्यापक चौकट दिली. भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या वर्गांत सामान्य शिक्षणाला स्थान देण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी तुरळकच राहिली.

मान्यतेचा क्रम : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार नवा अभ्यासक्रम प्रथम अभ्यासमंडळात तयार होतो, तेथून विद्याशाखेकडे व शेवटी विद्या परिषदेकडे जातो. विद्याशाखेचे अध्यक्ष अधिष्ठाता असतात, विद्या परिषदेचे कुलगुरू. कायद्याने चार विद्याशाखा ठरवल्या आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विद्या परिषदेची बैठक लांबली आणि शैक्षणिक वर्ष तोंडावर आले, तर कुलगुरू त्या प्राधिकरणाच्या वतीने तातडीचा निर्णय घेऊन नंतरच्या बैठकीत तो कळवू शकतात.

खरे काम अभ्यासमंडळात होते. मसुद्यात शीर्षक, श्रेयांक, तासिका, उद्दिष्टे, अध्ययन निष्पत्ती, घटकवार आशय, संदर्भग्रंथ आणि मूल्यमापनाची रीत द्यावी लागते. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरतात. म्हणून दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम ३० तासांचा आणि बहुधा ५० गुणांचा होतो. मुंबई विद्यापीठाच्या मंजूर अभ्यासक्रमांच्या मुखपृष्ठावर विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख व विषय क्रमांक छापलेला असतो. सोबत श्रेयांक रचनेच्या शासन निर्णयाचा संदर्भ येतो, आणि आत अभ्यासमंडळाचे अध्यक्ष व अधिष्ठाता यांच्या स्वाक्षऱ्यांची जागा असते. एखादा अभ्यासक्रम नेमका केव्हा आणि कोणाच्या शिफारशीने लागू झाला, हे पडताळायला यापेक्षा भरवशाचा कागद नाही.

मुख्य विषयाच्या अभ्यासक्रमाला स्वतःचे अभ्यासमंडळ असते; सामान्य शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला बहुतेक वेळा नसते. मग तदर्थ मंडळ नेमावे लागते किंवा जवळच्या विषयाच्या मंडळाकडे काम सोपवले जाते. संविधानाचा अभ्यासक्रम राज्यशास्त्राने करावा की विधीने, पर्यावरणाचा भूगोलाने की जीवशास्त्राने, यावर आशय बराच अवलंबून राहतो. ज्या विषयाचे मंडळ मसुदा करते त्याच विषयाच्या शिक्षकांना पुढे कार्यभार मिळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे हा प्रश्न केवळ ज्ञानशाखेचा उरत नाही, आणि या पद्धतीतला सर्वांत नाजूक टप्पाही हाच आहे.

श्रेयांक रचना : विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची चौकट जाहीर केली. तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक असून त्यांपैकी ९ बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांना आहेत. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने राज्याची रचना ठरवली आणि १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने तिच्यात बदल केले. प्रति सत्र २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांना १२० ते १३२, चार वर्षांना १६० ते १७६ असे प्रमाण त्यात आहे. स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठीय विभागांत ही रचना २०२३-२४ पासून, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. अंमलबजावणीसाठीच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू नितीन करमळकर हे होते.

राज्याच्या रचनेतील कळीची अट खुल्या ऐच्छिक अभ्यासक्रमांबाबत आहे : मुख्य विषय ज्या विद्याशाखेतला, ती सोडून दुसऱ्या विद्याशाखेतूनच हा अभ्यासक्रम निवडावा लागतो. त्यासाठी विद्यापीठाने विद्याशाखानिहाय अभ्यासक्रमांचे गट करायचे आहेत. हेतू उत्तम आहे. मात्र केवळ वाणिज्य शाखा असलेल्या महाविद्यालयात विज्ञानाचा किंवा साहित्याचा अभ्यासक्रम शिकवायला शिक्षक आणायचा कोठून, याचे उत्तर मान्यतेच्या कागदात नसते. गटात पंधरा शीर्षके असली, तरी वेळापत्रकात दोनच उतरली तर विद्यार्थ्याची निवड तेवढीच. ‘स्वयम्’ या केंद्रीय मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक मर्यादेत राहून घेता येतात, हा त्यावरचा एक उपाय.

भारतीय ज्ञान प्रणाली : राज्याच्या रचनेत दोन श्रेयांक. आशयाविषयी मतभेद आहेत.

पर्यावरण अभ्यास : हा अभ्यासक्रम विद्यापीठांच्या अंतर्गत प्रक्रियेतून आला नाही, न्यायालयाच्या आदेशातून आला, म्हणून त्याची कागदपत्रेही सर्वांत सुस्थितीत आहेत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा व महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याबाबत आदेश दिला. बरीच वर्षे त्याचे पालन ढिले राहिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्यात आठ घटक व ५० व्याख्याने होती : पहिल्या सात घटकांना वर्गातली ४५, आठव्या घटकातील क्षेत्रकार्याला ५. गुण १००, लेखी परीक्षेला ७५ आणि क्षेत्रकार्याला २५. आयोगासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील एरच भरुचा यांनी लिहिले. नदी, टेकडी, गवताळ रान किंवा प्रदूषित परिसर प्रत्यक्ष पाहून नोंद करणे हा आठव्या घटकाचा गाभा होता. मोठ्या वर्गांत नेमका तोच भाग तयार प्रकल्पवह्यांवर भागवला जाऊ लागला, आणि हे नुकसान अभ्यासक्रमाच्या मूळ हेतूचे आहे. मान्यता देणाऱ्या मंडळांनी क्षेत्रभेटीचा खर्च व विद्यार्थीसंख्या यांचा विचार मसुद्याबरोबरच करायला हवा होता. नव्या रचनेत पर्यावरण मूल्यशिक्षणाच्या गटात आले.

स्वायत्त महाविद्यालये : येथे अभ्यासमंडळ व विद्या परिषद महाविद्यालयाचीच असते. आयोगाच्या २०१८ च्या, २०२३ पर्यंत लागू असलेल्या नियमांनुसार अभ्यासमंडळावर कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेला एक तज्ज्ञ आणि विद्या परिषदेवर विद्यापीठाचे तीन प्रतिनिधी असत. निर्णय लवकर होतात.

पुनरावलोकन : मुख्य विषयांचे अभ्यासक्रम साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. सामान्य शिक्षणाचे मात्र बहुधा संपूर्ण रचना बदलली तरच हलतात, कारण त्यांची नियमित चौकशी करणारे मंडळ नसते. बाहेरचा दाब मुख्यतः राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) मूल्यांकनाचा. २०१७ पासूनच्या आराखड्यात एकूण १,००० गुणांपैकी अभ्यासक्रमविषयक निकषाला विद्यापीठ व स्वायत्त महाविद्यालयासाठी १५०, संलग्न महाविद्यालयासाठी १०० गुण होते. विद्यार्थी, शिक्षक, नियोक्ते व माजी विद्यार्थी यांचे अभिप्राय, तसेच लिंगभाव, पर्यावरण, मानवी मूल्ये व व्यावसायिक नीती यांचा अभ्यासक्रमातील समावेश त्यात तपासला जाई.

गोवा : गोवा विद्यापीठात बहुविद्याशाखीय व मूल्यवर्धित अभ्यासक्रम असे गट आहेत.