धाब्याकडून पत्र्याकडे : पाचोरा परिसरातील घरांच्या छताचा इतिहास

खानदेशातील घरांच्या इतिहासात भिंतींपेक्षा छताचे स्थित्यंतर अधिक बोलके आहे. भिंत पांढऱ्या मातीची असो वा विटांची, तिचे काम शतकानुशतके फारसे बदलले नाही. छत मात्र गेल्या दीडशे वर्षांत मुळापासून बदलले. गिरणेच्या खोऱ्यातील, हिवरा नदीकाठचे पाचोरा आणि त्याच्या भोवतालची कपाशीची गावे या बदलाची साक्ष देतात. जुन्या गल्ल्यांत अजून तग धरून असलेले मातीचे धाबे, त्याला लागून पन्हळी पत्र्याची दुपाखी छपरे आणि रस्त्याकडेच्या नव्या वस्तीत निळे-लाल रंगीत पत्रे अशी तीन युगे येथे शेजारी शेजारी नांदताना आढळतात. या क्रमामागे केवळ स्वस्त-महागाचा हिशेब नव्हता. लाकूड, श्रम आणि ऊन या तिन्हींशी प्रत्येक पिढीने केलेली तडजोड त्यामागे होती.

धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. सागवानी खांबांवर ‘सर’ म्हणजे मुख्य तुळया ठेवायच्या, सरांवर आडव्या कड्या टाकायच्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या दाट अंथरायच्या, त्यावर पाला पसरून मातीचा जाड थर चोपून बसवायचा आणि सर्वांत वर खारी, म्हणजे पाणी सहजासहजी आत न मुरू देणारी क्षारयुक्त पांढरट माती, टाकायची, अशी त्याची रचना होती. खानदेशच्या पठारी भागात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. म्हणजे येथील घराला पाण्यापेक्षा उन्हाशी अधिक दिवस झुंजावे लागते. कोकणातील उतरती कौले धो-धो पावसासाठी होती, तर धाबे उन्हासाठी होते. जाड माती दिवसभराची उष्णता आपल्यात साठवते आणि ती खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असते. त्यामुळे दुपारी घर गार राहते आणि रात्री घरातील माणसे उघड्या धाब्यावरच झोपायला जातात. पापड-कुरडया वाळवणे, मिरच्या-शेंगा पसरणे, उन्हाळ्यातील अंथरुणे टाकणे ही सर्व कामे धाब्यावर होत, म्हणून ते घरावरचे आच्छादन तर होतेच, शिवाय घराची एक उघडी खोलीही होते.

या सुखाची किंमत मात्र मोठी होती. एक फूट जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते आणि ते पेलण्यासाठी जाड सागवानी सर लागतात. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलांतील लाकूडतोडीवर सरकारचे नियंत्रण बसले आणि पूर्वी सातपुड्याच्या व अजिंठ्याच्या डोंगररांगांतून गावापर्यंत येणारे साग सामान्य शेतकऱ्याला महाग पडू लागले. याखेरीज दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी टाकणे, भेगा बुजवणे आणि पन्हाळी मोकळ्या करणे हे काम चुकवता येत नसे. एक वर्ष ते राहून गेले तर गळतीने कड्या कुजत आणि उधई लागलेला सर खाली येण्याचा धोका उभा राही. पत्र्याला जागा मिळाली ती या अखंड श्रमाच्या आणि दुर्मीळ झालेल्या लाकडाच्या प्रश्नामुळे.

पन्हळी पत्र्याचा जन्म इंग्लंडमधील गोदीवर झाला. लंडन डॉक कंपनीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लोखंडाच्या पातळ पत्र्याला लाटांसारख्या पन्हळी पाडण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या वजनानेही वाकतो. पन्हळी पाडल्या की तोच पत्रा लाटांच्या दिशेने ताठ होतो आणि खाली फळ्यांचा आधार न लागता दोन आडव्या वाशांमधील अंतर सहज पार करतो. लोखंड गंजते, ही उरलेली अडचण फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये पेटंट घेतलेल्या जस्तलेपनाने दूर झाली. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या पत्र्यावर जस्ताचा थर बसतो, आणि ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवते. हलका, घडीव, एकावर एक रचून जहाजातून पाठवता येणारा हा पत्रा एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्यभर पसरला.

खानदेशात तो पोहोचण्याचा मार्ग रेल्वेने आणि कापसाने खुला केला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून पुढे सरकला; १८७० मध्ये तो जबलपूरमार्गे कोलकात्याच्या बाजूच्या मार्गाशी जोडला गेला. पुढे पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूरमार्गे जामनेरपर्यंत अडीच फुटी अरुंद लोहमार्ग, म्हणजे लोकांची ‘पीजे’, सुरू झाला आणि पाचोरा हे मुख्य मार्गावरील सुमारे ५६ किलोमीटरच्या फाट्याचे जंक्शन बनले. मालधक्के, गुदामे, सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस यांना मोठे, खांबांची गर्दी नसलेले आणि ठिणगीने न पेटणारे छत हवे होते. कापसाच्या ढिगाजवळ गवताचे छप्पर म्हणजे उघड धोका होता, आणि मातीचे धाबे एवढ्या रुंदीवर तोलणे अशक्य होते. अशा रीतीने पत्रा खानदेशात आधी व्यापाराचे छत म्हणून आला आणि घराचे छत तो नंतर झाला.

घरावर तो चढला तोही मागच्या दाराने. गोठा, पडवी, चुलीची खोली अशा दुय्यम जागांवर तो आधी बसला आणि धाबे पडले की मूळ घरावर सरकला. सुरुवातीला पत्रा विलायतेहून येई. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कंपनीच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून १९१२ पासून पोलाद निघू लागले आणि १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्याने आयात मालावर जकात वाढवून देशी उत्पादनाला आधार दिला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या आदेशाने लोखंड-पोलादाच्या वाटपावर नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत राहिलेली ही नियंत्रणे जानेवारी १९९२ मध्ये उठली. टंचाईच्या त्या दशकांत पत्र्याला एक आगळे मोल आले. धाबे पडले की माती मातीत मिळते. पत्रा मात्र उतरवून दुसऱ्या घरावर चढवता येतो, भावांच्या वाटणीत मोजून देता येतो, अडचणीत विकताही येतो. स्थावर घरावर बसलेली ही जंगम मालमत्ता होती, आणि अवर्षणाच्या प्रदेशातील शेतकऱ्याला या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते.

या देवघेवीत जे गमावले गेले, त्याची नोंद इतिहासाने तितक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, म्हणजे मातीच्या थराच्या शंभराव्या हिश्शाएवढे असते; तो उष्णता साठवून ठेवू शकत नाही, म्हणून दुपारी ती थेट खोलीत उतरते. जस्ताचा नवा चकचकीत पत्रा ऊन परावर्तित करतो खरा, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे परत सोडण्याच्या बाबतीत तो दुबळा असतो आणि निस्तेज झाल्यावर आणखी तापतो. उन्हाळ्यातील वावटळीत तो उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावे लागतात, आणि वाळवणाची, झोपण्याची जागा तर कायमचीच जाते. श्रमांतून झालेली सुटका खरी होती, तसा उन्हाचा जाचही खरा होता. तो सर्वाधिक सोसला दिवसभर घरात राहणाऱ्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि तान्ह्या मुलांनी.

विसाव्या शतकात पत्र्याला पर्याय वाढले. ॲस्बेस्टॉसचा सिमेंटी पत्रा गंजत नाही आणि तुलनेने कमी तापतो, पण तो ठिसूळ असतो आणि कापताना उडणारे तंतू फुप्फुसाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतात, हे आता निर्विवाद आहे. अमेरिकेत १९७२ पासून बाजारात आलेल्या गॅल्व्हल्यूम पत्र्यावर ५५ टक्के ॲल्युमिनिअम, सुमारे ४३ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन यांचा लेप असतो. तो साध्या जस्ती पत्र्याहून अधिक टिकतो, मात्र गोठ्यातील अमोनियायुक्त वाफेपुढे किंवा ओल्या सिमेंटच्या स्पर्शात तो लवकर बिघडतो. रंगीत पत्र्यात अशाच धातुलेपावर रंगाचा भाजलेला थर असतो. गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, ही साधी गोष्ट माहीत नसल्याने अनेकांची फसगत होते.

पाचोऱ्याच्या छतांचा हा इतिहास पत्र्याला दोषी ठरवत नाही. लाकूड आणि मजुरी परवडेनाशी झालेल्या कुटुंबांना त्याने कोरडा निवारा दिला, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु व्यापारी गुदामासाठी योग्य ठरलेले छत राहत्या घरावर जसेच्या तसे चढवले गेले आणि धाब्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेले उन्हापासूनचे रक्षण हिशेबातून वगळले गेले, ही त्यातील चूक होती. म्हणून खानदेशात पत्र्याचे घर बांधणाऱ्याने लेप आणि जाडी पाहण्याइतकेच महत्त्व रंगाच्या फिकेपणाला, पत्र्याखालच्या छताला किंवा उष्णतारोधक थराला आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर जाण्याच्या वाटेला दिले पाहिजे. या तीन गोष्टींवर होणारा खर्च चैनीचा नव्हे. धाबे सोडताना जे गमावले, त्याची ती भरपाई आहे.