रविवारची मिस्सा कोणत्या भाषेत?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या मराठी ओव्या चर्चमध्ये वाचल्या जात. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होई. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मानही काढले. अखेर ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत मातृभाषेला वाव दिला आणि पुढे वसईच्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. परंतु मातृभाषा कोणाची? तो निर्णय परिषदेने प्रादेशिक धर्माधिकाऱ्यांवर सोपविला. एका धर्मग्रामात कोकणी, मराठी, कन्नड अशी कुटुंबे नांदत असतील, तर रविवारच्या मिस्सांचे वेळापत्रक ही निव्वळ सोयीची बाब राहत नाही. सकाळची मुख्य वेळ एका भाषेला दिली, की दुसरीच्या वाट्याला बहुधा दुपार येते.